खांबाला हात, छातीला हात

सौदीतल्या दम्माममध्ये आपल्याला कोणी ओळखत नाही याचा मला काही वर्षं अभिमान होता. आता नुसतंच कोणी ओळखत नाही.

शहराबाहेरच्या एका मोठ्या पार्कात, तंबूमध्ये, मेक्सिकन पद्धतीच्या कुस्तीचा शो चालतो. मुखवटे घातलेले पैलवान, दोरांवरून कोलांट्या, रिंगमधून थेट बाहेर घेतलेल्या झेपा. कोण जिंकणार ते आधीच ठरलेलं असतं, म्हणून तिला खोटी कुस्ती म्हणणारे शहाणे मला पुष्कळ भेटले. मी त्यांना एवढंच म्हणायचो, की एकदा वरच्या दोरावर उभे राहा आणि खालची जमीन खोटी आहे का ते बघून सांगा. त्या शोमध्ये मी ससाणा होतो. निळा मुखवटा, कपाळावर चंदेरी पंख. अरबीत ससाण्याला सक्र म्हणतात. मी दोरावर चढलो की सगळा तंबू ‘सक्र, सक्र’ करायला लागायचा, आणि मला पुढच्या आयुष्याची काही काळजी वाटेनाशी व्हायची.

साताऱ्याचा मल्लखांबवाला इथे कसा, याचं उत्तर साधं आहे. बायको इथल्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. लग्नानंतर मी तिच्यामागे आलो. नवरा बायकोच्या इकाम्यावर, म्हणजे तिच्या रहिवासी परवान्यावर, आखातात जातो हे आमच्या नातेवाइकांच्या अजून पचनी पडलेलं नाही. इथे मी घर सांभाळलं, मुलीला शाळेत पोचवलं, आणि पार्कवाले उड्या मारणारी माणसं शोधताहेत असं कळल्यावर जाऊन उभा राहिलो. शो बसवणारा एक म्हातारा मेक्सिकन पैलवान होता, त्याला सगळे उस्ताद म्हणायचे. तुला काय येतं, असं त्याने विचारलं. तंबूच्या मधोमध लोखंडी खांब होता. मी त्यावर चढून उलटा लटकलो. उस्तादने वर बघून शिट्टी मारली. त्यानंतर शोची कंपनी माझी कफील, म्हणजे जामीनदार झाली आणि मला माझ्या नावाचा, माझ्या कामाचा इकामा मिळाला.

उस्तादने मला सगळं उलटं शिकवलं. मल्लखांबावरून उतरताना पायांचा आवाज झाला की आमचे सर डोळे वटारायचे. इथे पाठीवर पडताना आवाज नाही झाला की उस्ताद कपाळाला हात लावायचा. मल्लखांब जागचा हलत नाही, तिथे भरवसा स्वतःच्या पकडीचा. इथे भरवसा झेलणाऱ्याचा. रिंगबाहेर झेप घेतलेला माणूस हवेत काहीच करू शकत नाही. खाली शत्रू म्हणून जो उभा असतो तोच त्याला झेलून जमिनीवर ठेवतो. आणि मेक्सिकोत हे सगळं उजव्या अंगाने चालतं. धरायचा तो उजवा हात, मुरगाळायचा तो उजवा पाय, झेलायचं ते उजव्या खांद्यावर. बाकीच्या जगात हाच खेळ डाव्या अंगाने खेळतात. मला उस्ताद स्वतः झेलायचा. साठीकडे झुकलेला माणूस, गुडघे कामातून गेलेले. पण त्याच्या हातात मी कधी पडलो नाही. कोणीतरी उचलून खाली ठेवलं असंच वाटायचं.

साताऱ्याची एक सवय मात्र मी सोडली नव्हती. मल्लखांबावर चढण्याआधी खांबाला हात लावून तो कपाळाला लावायचा. रिंगच्या कोपऱ्यातल्या खांबालाही मी तेच करायला लागलो. शोच्या इजिप्शियन मॅनेजरने मला लगेच बोलावून घेतलं.

"हे काय आहे? पूजा?"

"नाही. सलाम."

"खांबाला?"

"पाडू नको, असं सांगतो त्याला."

त्याने एकदा खांबाकडे बघितलं. मग म्हणाला, "कपाळ नको. इथे सलाम करून हात छातीवर ठेवतात. तू तसं कर. खलास."

कपाळ सोडताना मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण केलं. खांबाला हात, मग छातीला हात. आणि ते पोरांनी उचललं. मी छातीवर हात ठेवला की समोर बसलेली सगळी पोरं आपापल्या छातीवर हात ठेवायची, काही बुरखेवाल्या आयासुद्धा. त्यानंतरच मी उडायचो.

त्या पोरांत माझी मुलगी असायची. उस्तादने सुरुवातीलाच बजावलं होतं, मुखवट्यामागचा चेहरा लोकांना कळला की पैलवान संपला. त्यांच्याकडे मुखवटा माणूस मरेपर्यंत जपतात, आणि मग तो पोटच्या पोराला देतात. हे मी घरी येऊन सांगितलं, ते मुलीने शपथेसारखं घेतलं. तिच्या वर्गातली एक मुलगी सक्रचा प्लॅस्टिकचा मुखवटा दप्तराला लटकवून मिरवायची. आमची बया तिच्या शेजारी बसून चूप.

"बाबा, मैंने आज भी कुछ नहीं बोला," शाळेच्या बसमधून उतरली की पहिलं वाक्य हे.

"मराठीत सांग."

"सेम थिंग, बाबा. और एक दिन वो मास्क मेरा होगा ना?"

मी हो म्हणायचो. बायको मला म्हणायची, "आधी घरात ये आणि तोंड दाखव. शेजारीण विचारते, तुझा नवरा करतो काय. तिला काय सांगू, उडतो?"

उन्हाळ्यात दम्मामची भट्टी होते, तेव्हा आमचा शो डोंगरावर, खमीस मुशैतला जायचा. तिकडे संध्याकाळी धुकं उतरतं आणि स्वेटर लागतो. त्या वर्षी उस्ताद गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी मायदेशी गेला. त्याच्या जागी झेलायला एक गोरा, धिप्पाड, अतिशय सभ्य माणूस आला. डाव्या अंगाने शिकलेला. आम्ही दोघांनी ते पहिल्या दिवशीच बोलून घेतलं. त्याने उजवीकडे यायचं, असं ठरलं. तालमीत जमलं, शोमध्येही जमत होतं. आम्ही त्यावर चहा पिताना हसायचोसुद्धा.

एका शुक्रवारी तंबू खचाखच भरला होता. ओरडा एवढा, की त्याची हाक मला ऐकू आली नाही आणि माझी त्याला. मी खांबाला हात लावला, छातीला लावला आणि झेप घेतली. त्या गलक्यात त्याचं शरीर त्याच्या बाजूला गेलं आणि माझं माझ्या. मधे जाळीच्या कठड्याची कड होती. मान आणि उजवा खांदा तिच्यावर आपटला.

चूक कोणाची, हे मी पुष्कळ घोळवलं. कोणाचीच नाही. दोघांनीही आपापल्या गुरूने अंगात मुरवलेलं तेच केलं. कोणावर तरी राग काढता आला असता तर बरं झालं असतं. काढायला कोणी नव्हतं म्हणून मी तो घरच्यांवर काढला.

दम्मामला परत आल्यावर बायकोने माझा उजवा हात हातात घेतला. रोज कितीतरी लोकांचे हात ती असेच घेते.

"दाब," ती म्हणाली.

मी दाबला.

"अरे, दाब ना."

मी दाबतच होतो. तिने मान खाली घातली आणि माझी बोटं एकेक करून चोळायला लागली. मानेतून हातात येणाऱ्या नसा ताणल्या गेल्यात, हे डॉक्टरांनी नंतर चित्रं दाखवून समजावलं. मला तेव्हाच समजलं होतं.

मॅनेजर घरी खजूर घेऊन आला. थंडीचा सीझन सुरू व्हायच्या आत वरच्या दोरावर चढून दाखव, मुखवटा तुझाच, म्हणाला. नाही जमलं तर दुसरा माणूस आणावा लागेल, कारण पोस्टरवर सक्र आहे, तू नाहीस. बोलला खरं तेच. मी कामाला लागलो. बायकोने रबरी बॉल दिले, वजनं दिली, शेवटी रोजची कणीक माझ्याकडून मळून घ्यायला लागली. मुलगी समोर बसून बघायची. पोळ्या वातड व्हायच्या, त्या दोघी निमूट खायच्या. तेवढ्या दिवसांत मला पुन्हा पुन्हा वाटायचं की आज पकड कालच्यापेक्षा बरी आहे. वाटण्यात काही कमी नव्हतं.

दाखवायच्या दिवशी दुपारी तंबू रिकामा होता. मी खांबाला हात लावला, छातीला लावला. डाव्या हाताने दोर धरला, उजव्याने खांब धरला आणि अंग वर ओढलं. उजवा हात सुटला. त्यात जोर लावायला काही उरलंच नव्हतं, पोळपाटावरून पीठ घसरावं तसा तो घसरला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मॅनेजरनेच मला खांद्याला धरून बसवलं.

"खलास, भाई," तो हळूच म्हणाला. "खलास."

मी मुखवटा मागितला. मुलीसाठी, असंही सांगितलं. एरवी मी कोणापुढे हात पसरत नाही. त्याने खरंच वाईट वाटून मान हलवली. मुखवटा कंपनीचा आहे, आणि एक बाहेर गेला की सक्र दोन होतात. उस्तादला फोन केला तेव्हा तोही तेच म्हणाला. त्याच्या गुडघ्यांनीही त्याला परत येऊ दिलं नव्हतं.

नवा सक्र जॉर्जियाचा जिम्नॅस्ट होता. त्याला तयार करायला मलाच बोलावलं. शिकवायचं नाही असं मी बायकोला तावातावाने सांगितलं आणि सकाळी गेलो. पोरगा सरस होता. उजवं अंग त्याने पटकन उचललं, कारण त्याआधी तो कुस्तीतलं काहीच शिकला नव्हता. अडलं ते फक्त सलामापाशी. तो खांबाला टपली मारल्यासारखा हात लावायचा.

"घाई नको," मी ओरडायचो. "आधी खांब. थांब. मग छाती."

"याचा अर्थ काय?" त्याने विचारलं.

"पाडू नको."

त्यानंतर त्याला ते बरोबर जमलं. माझ्यापेक्षा चांगलं जमलं.

सीझन सुरू झाला तसा माझा करार संपला. आता मी पुन्हा बायकोच्या इकाम्यावर आहे. त्यावर मला मुराफिक म्हटलंय, म्हणजे सोबती. बायको म्हणाली, "चला, सरकारनेच लिहून दिलं." मी हसलो.

मी जाणार नव्हतो, पण मुलीने हट्ट धरला म्हणून एका शुक्रवारी तिकीट काढून गेलो. आयुष्यात पहिल्यांदा मी तो शो समोरून बघितला. दिवे गेले, निळा झोत आला आणि तो धावत आत आला. तोच मुखवटा. शिवणीपाशी मी एकदा टाचलेलं मला इथून दिसत नव्हतं, पण कुठे आहे ते माहीत होतं. सगळा तंबू ‘सक्र, सक्र’ करायला लागला. तो कोपऱ्यात गेला. खांबाला हात लावला, थांबला, छातीला हात लावला. सगळ्या पोरांनी छातीवर हात ठेवले. माझ्या मुलीनेही ठेवला. मग तो उडाला आणि झेलणाऱ्याने त्याला अलगद खाली ठेवलं. त्यात नाव ठेवायला मला कुठे जागा सापडली नाही, आणि मी शोधत होतो.

बाजूचा एक सौदी बाप आपल्या पोराला खांद्यावर घेऊन नाचत होता. मागच्या रांगेतली शाळेची मुलं माझ्या मुलीला हाक मारून म्हणत होती, देख, देख, वही सक्र है. मी समोर बघत राहिलो. माझा उजवा हात मांडीवर होता, तो मी डाव्या हाताखाली झाकून घेतला.

मुलगी माझ्या कानाशी वाकली. इतकी वर्षं सांभाळलेलं गुपित अजून शाबूत आहे, याचा आनंद तिच्या तोंडावर मावत नव्हता.

"बाबा, डोन्ट वरी," ती म्हणाली. "किसी को पता ही नहीं चला."

मी तिला शाब्बास म्हटलं.