अक्कांना कसं आहे विचारलं तर

देवपुरातल्या आमच्या गल्लीत इंदूअक्कांना ‘कशा आहात?’ असं विचारायची कोणाची छाती नव्हती. आम्हा खानदेशी माणसांचं उत्तर ठरलेलं असतं, ‘बरं शे’. घराला आग लागली तरी बरं शे. अक्का मात्र गुडघ्यापासून सुरुवात करायच्या आणि कालच्या शेवग्याच्या शेंगा किती जून निघाल्या इथवर यायच्या. दूधवाला तर मान वर न करता पातेल्यात दूध ओतून पसार व्हायचा.

त्यांना लिम्फोमा झाला, म्हणजे शरीरातल्या लसीका ग्रंथींचा कॅन्सर. केमोने गाठी गेल्या आणि परत आल्या. शेवटी मुंबईच्या डॉक्टरांनी एका नव्या औषधाच्या चाचणीचं विचारलं. चाचणी अगदी पहिल्या टप्प्यातली होती. माणसाला किती डोस सोसतो हेच आधी बघायचं, गुण येईलच असं नाही, हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. मुलगा सुरतेला नोकरीला, म्हणून सोबत मी जायचो. तुमच्यावर प्रयोग करणार हो, असं मी परतताना म्हणालो, तर अक्का म्हणाल्या, “औषध मनी परीक्षा नही लेस भाऊ. मीच औषधनी परीक्षा लेस.”

त्याच औषधावर साक्रीकडचे एक आबा होते. त्यांचं तोंड इतकं सोललं होतं की बाकावर बसून चहाचा घोटही घेववत नव्हता. तरी आत जाऊन हात जोडून ‘बरं शे’ सांगून आले. एवढा मोठा डॉक्टर आपुलकीने विचारतो, त्याच्या औषधाला नावं कशी ठेवायची? अक्का भडकल्याच. “दुखस ते सांगा ना, आबा. बरं शे सांगीसन औषधले काय समजी?” असं म्हणत त्यांनी आबांना हाताला धरून पुन्हा आत नेलं.

पुढे अक्कांच्या मानेवरची गाठ उतरली. मंगळसूत्र पुन्हा मोकळं बसायला लागलं. आम्ही पेढे आणायच्या बेतात होतो, तोच जिना चढताना त्यांना धाप लागू लागली. हे सांगितलं तर औषध बंद होणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मुलाने फोनवर गयावया केली, निदान एवढ्या खेपेला बोलू नकोस. त्या म्हणाल्या, “मना मांगे कोनी येई, त्याले बी जिना चढना शे.” आणि डॉक्टरांपुढे सगळं सांगून मोकळ्या झाल्या.

औषध थांबलं. धाप गेली, पण गाठी परतल्या. पुढच्या रुग्णांना डोस कमी करून देताहेत, असं डॉक्टरांनी मला सांगितलं. मी ते अक्कांना सांगायला गेलो. ऐकून त्यांनी समाधानाने मान हलवली. मग कधी नव्हे ते मीच विचारलं, “अक्का, कशा आहात?” उत्तर लांबणार म्हणून खुर्चीही ओढून घेतली.

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

“बरं शे,” त्या म्हणाल्या.

आठवडाभरात अक्का गेल्या. माझ्या माहितीत त्या एवढं एकदाच खोटं बोलल्या.