जळणातली धामण

हुपरीतली शालन घरीच पैंजणाचं काम करायची. चांदीच्या बारीक कड्या चिमट्यानं एकमेकींत अडकवायच्या, वीस वर्षं तेच. नवरा धोंडीराम दूध डेअरीच्या टेम्पोवर होता. जूनमध्ये एका सकाळी पाणी तापवायला तो परसातलं जळण काढायला गेला आणि हाताला घोणस चावली. चौथ्या दिवशी कोल्हापूरच्या दवाखान्यात त्यानं जीव सोडला.

शालन रडली नाही. आलेल्या बायकांनी वाट बघितली, मग त्याही आपापल्या घरी गेल्या. जलदान विधी झाला, दुसऱ्या दिवशी ती परत कड्या घेऊन बसली. लेक अनुजा गारगोटीला नर्स. ती रोज फोन करायची, "आई, जेवलीस का?" शालन म्हणायची, "जेवले की." खरंच जेवली होती का, तिला आठवायचं नाही.

ऑगस्टमध्ये शेजारची बाळाबाई भांडी घासताना ओरडली, "शालन! तुझ्या जळणात साप हाय!"

गल्ली गोळा झाली. काठ्या आल्या. कुणीतरी उदयसिंहाला फोन लावला. तो शाळेत मास्तर, आणि साप धरून रानात सोडायचा. तो येईपर्यंत शालन दारात उभी होती, चिमटा हातातच.

उदयसिंह वाकला. "काठ्या खाली ठेवा. धामण हाय, बिनविषारी." मग आवाज उतरवून म्हणाला, "वहिनी, हिच्या तोंडात घोणशीचं पिल्लू हाय."

शालन पुढं गेली. धामणीच्या जबड्यातून चार बोटं शेपूट वळवळत होतं. त्यावर तपकिरी गोल ठिपके, साखळीसारखे. ते आत आत सरकत गेलं. सगळे शालनच्या तोंडाकडं बघत होते. आता काहीतरी वाटायला पाहिजे, असं तिलाही वाटलं. बरं वाटावं, नाहीतर चीड तरी यावी. ती थांबून राहिली. काहीच आलं नाही.

"धामण उंदरं खाती, घावला तर साप बी," उदयसिंह म्हणाला. "हिला न्हेऊ, का ऱ्हाऊ दे?"

"न्या की!" बाळाबाई म्हणाली. "सापानं ह्या घरातला माणूस न्हेला!"

"हिनं न्हाय न्हेला," शालन म्हणाली. "ऱ्हाऊ दे."

धामण आपणहून कुंपणाखाली गेल्यावर उदयसिंहानं आकड्यानं एकेक लाकूड बाजूला केलं. आणखी दोन पिल्लं निघाली. ती त्यानं बरणीत घातली आणि जळण घरापासून लांब रचून दिलं. "हात घालायच्या आधी काठीनं ठोकत जावा," असं दोनदा सांगितलं. शालननं मान हलवली.

दिवाळीला अनुजा आली. परसाच्या बांधावर धामण ऊन खात पडली होती. अनुजा किंचाळून मागं सरली.

"आई, तुला भ्या वाटत न्हाय?"

"न्हाय."

अनुजा आईकडं बघत राहिली. हे चांगलं म्हणावं की वाईट, तिला कळेना. शालननं ओल्या कपड्यांची बादली उचलली, धामणीला लांबून वळसा घातला आणि पलीकडच्या दोरीवर एकेक कपडा झटकून वाळत टाकला.