पन्नासच्या खाली

माझं सगळं आयुष्य लोणावळ्याच्या बाजारात, चिक्कीच्या दुकानात गल्ल्यावर बसून गेलं. तुटलेली चिक्की गिऱ्हाइकाला देता येत नाही, म्हणून ती माझ्या तोंडात जायची. मुलाचे अब्बा म्हणायचे, दुकानाचा निम्मा नफा तुझ्या अंगावर दिसतो. ते गेले, दुकान भाड्यानं दिलं आणि वरच्या मजल्यावर मी एकटी राहिले. लेक कॅनडात, सून आणि नातवंडं तिकडेच. खाली दुकानात दिवसभर गर्दी, पण ती सगळी चिक्की नाहीतर चॉकलेट फज घ्यायला आलेली.

दोन वर्षांमागे लेक आला तेव्हा त्यानं माझ्या मनगटाला एक घड्याळ बांधलं. हे घड्याळ वेळ कमी दाखवतं आणि चुगल्या जास्त करतं. आपण स्वस्थ बसलेलो असताना काळीज मिनिटाला किती ठोके देतं, ते मोजून थेट लेकाच्या मोबाइलवर पोचवतं. पहिल्या दिवशी अठ्ठ्याऐंशी आले. त्याचं तोंड एवढंसं झालं.

"अम्मी, नुसतं बसून एवढे?"

"मग काय नाचून मोजायचे होते?" मी म्हटलं. पण पोरगं घाबरलंय, हे मला दिसत होतं.

तो परत गेला आणि रोज सकाळी, म्हणजे त्याच्या रात्री, त्याचा फोन यायला लागला. आज आकडा वर का गेला, झोप झाली का, चहात साखर किती घातलीस. मी चिडायची. मी काय पोलीस चौकीत हजेरी लावते का, असंही एकदा सुनावलं. पण पहाटेची फजरची नमाज झाली की फोन मांडीवर घेऊन खिडकीशी बसायची ती मीच. खरं सांगते, दिवसभरात माझ्याशी मनापासून बोलणारं तेवढंच एक माणूस होतं.

त्याच्या समाधानासाठी मी चालायला लागले. सुरुवातीला तुंगार्लीच्या चढाच्या पायथ्याशीच दम लागायचा, कुणाच्या तरी बंगल्याच्या कट्ट्यावर टेकायची. शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्या मागून हॉर्न मारायच्या, जसा काही रस्ता मीच अडवलाय. त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत मी वर चढायची. होता होता चढावरच्या धरणापर्यंत जायला लागले. तुटकी चिक्की बंद केली, रात्रीचा भात कमी केला. वजन उतरलं, कुर्ते अंगावर लोंबायला लागले, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकायला लागल्या.

धरणाच्या वरच्या अंगाला एक शेतकरी आबा म्हशी चारायला आणतात. ते एकदा थांबून म्हणाले, "मावशी, लय वाळल्या की तुमी. बरं न्हाई व्हय?"

"बरं आहे आबा. मुद्दाम वाळलेय."

त्यांना ते काही पटलं नाही. पण मी बारीक झालेय हे समोर उभं राहून मला सांगणारे ते एकटेच.

वजनाबरोबर ठोकेही उतरत गेले. ऐंशी, मग सत्तर, मग साठाच्या आसपास. लेक खूश. आणि फोन रोजचा होता तो एक दिवसाआड झाला, मग आठवड्याचा. त्याची चूक नाही. आकडा चांगला असला की विचारायचं काय? मी आपणहून केला की पहिला प्रश्न यायचा, "काय झालं अम्मी?" आणि काही झालेलं नसायचं. मग तो म्हणायचा बरं, मी म्हणायची बरं, आणि फोन बंद. मोठ्या कष्टानं तब्येत सुधारली आणि पोराचा आवाज घालवून बसले. या गोष्टीचा मला भयंकर राग यायचा, आणि तो काढायला घरात कुणी नव्हतं.

यंदाच्या थंडीत एका पहाटे फोन वाजला. लेक रडवेला झाला होता. झोपेत माझे ठोके पन्नासच्या खाली गेले होते आणि घड्याळानं त्याला धोक्याचा निरोप धाडला होता. चक्कर येते का, छातीत दुखतं का, डोळ्यांपुढे अंधारी येते का. त्या दिवशी तीनदा फोन आला. दुसऱ्या दिवशी सून बोलली, नातीनं शाळेतलं गाणं म्हणून दाखवलं. "मी तिकीट बघतोय अम्मी," लेक म्हणाला. मी वरवर म्हटलं, एवढ्यासाठी कशाला येतोस. आणि फोन ठेवल्यावर उठून त्याच्या खोलीतल्या गादीची चादर बदलली.

डॉक्टरांनी छातीचा ईसीजी काढला, रक्त तपासलं, कुठल्या गोळ्या घेते ते विचारलं. मग हसले. "काही झालेलं नाही तुम्हाला. मोठा हंडा भरून आणणाऱ्या बाईला खेपा कमी लागतात ना? तसं आहे. चालून चालून काळीज बळकट झालंय, एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतंय. त्यात अंगावरचं ओझंही कमी झालं. स्वस्थ असताना त्याला घाई करायची गरजच उरली नाही."

रिक्षात बसल्यावर मनात आलं, सांगूच नये. डॉक्टर म्हणाले बघू, एवढंच सांगावं. चादर तर घातलीच होती. पण तिकडे पोराचा जीव टांगणीला लागलेला. घरी पोचायच्या आधीच फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. त्यानं एवढा मोठा सुस्कारा सोडला की मला इकडे ऐकू आला.

मग त्यानं व्हिडिओ कॉल केला आणि कुठं दाबायचं ते एकेक करून दाखवलं. धोक्याचा निरोप आता पन्नासला नको, चाळीसला यावा, म्हणजे उगाच धावपळ नको. मी माझ्याच बोटानं पन्नासचे चाळीस केले. तिकिटाचा विषय त्यानं काढला नाही, मीही विचारलं नाही.

त्यानंतर पंधरा-वीस दिवस गेले. एका सकाळी मीच फोन लावला.

"काय झालं अम्मी?"

"काही नाही. मला इथं एकटीला करमत नाही रे."

माझ्या काळजानं उडी मारली असेल तर ती घड्याळात दिसली असणार. मग तो अगदी मायेनं म्हणाला, "वॉक थोडा वाढव ना. बरं वाटेल तुला."

मी वाढवला. आता धरणाच्या पुढच्या वळणापर्यंत जाते. परवा सकाळी आकडा आणखी एकानं उतरला होता, आणि मी बराच वेळ फोन मांडीवर घेऊन बसले होते.