शिवेचा दगड, पार्किंग नंबर चौदा

गेल्या वर्षीचा दसरा, दुपारचे साडेचार. रक्कम रुपये एकशे एक: दहाच्या दहा नोटा आणि एक रुपयाचं नाणं. उपस्थित मी, माझी आत्या आणि सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन. चौथा माणूस थोड्या वेळाने लिफ्टने खाली आला.

कोथरूड हे गाव होतं तेव्हा आमच्या घरामागून एक पाऊलवाट निघायची. ती शिवेवरून नदीकडे आणि पुढे पेठांकडे जायची. शिवेवर एक दगड होता, तो अजून आहे. दसऱ्याला त्याच वाटेने जाऊन दगडाला शेंदूर लावायचा, आपट्याची पानं, नारळ आणि दक्षिणा ठेवायची, ही आमच्या घरची रीत. दक्षिणा नंतर कोण उचलतं, याची चौकशी घरात कोणी केलेली नाही.

जमीन वडिलांच्या वेळी विकली. वाट विकलेली नाही, असं आत्याचं म्हणणं. सातबाऱ्यावर वाटेची नोंदच नव्हती, त्यामुळे मी वाद घालत नाही.

आत्या गावातल्या गावात दिलेली, वय अठ्ठ्याहत्तर. दसऱ्याला ती गाडीत बसत नाही आणि मोठ्या रस्त्यानेही चालत नाही. मग आम्ही एका जिमच्या पुढच्या दाराने शिरून मागच्या दाराने बाहेर पडतो आणि दातांच्या दवाखान्यामागून जातो. वाटेतला ओढा आता काँक्रीटखाली आहे, तरी तिथे पोचलो की ती साडी चार बोटं वर उचलते.

त्या दिवशी गेटवर नवा वॉचमन होता. त्याच्या हातात नवा मोबाइल आणि त्यात सोसायटीने घेतलेलं नवं ॲप.

“कुठल्या फ्लॅटला जायचंय, आजी?”

“फ्लॅटला न्हाई. आमचा माणूस खाली ऱ्हातो, पार्किंगात.”

ॲपला हे मान्य नव्हतं. फ्लॅट नंबर हवा, आणि त्या फ्लॅटमधल्या कोणीतरी मोबाइलवर हो म्हणायला हवं. वॉचमनने भल्या मनाने सेक्रेटरींना फोन लावला. नियम सगळ्यांना सारखा, देवाला वेगळा नाही, असं त्यांनी सांगितलं आणि दसऱ्याच्या शुभेच्छाही दिल्या.

मी आत्याला सुचवलं, इथूनच हात जोडू.

“एकदा खंड पडला की वाट बुजती,” ती म्हणाली. “म्होरल्या वर्षी तू मला रस्त्यानं आणशील. त्याच्या म्होरं रिक्षानं. मग कुणीच यायचं न्हाई.”

हिशोबात चूक नव्हती. ती गेटशेजारच्या कट्ट्यावर बसली. तिचं बसणं परत जाणाऱ्या माणसाचं नव्हतं.

शेवटी वॉचमनलाच सुचलं. दगड पार्किंग नंबर चौदामध्ये, भिंतीला लागून होता. त्या जागेच्या मालकालाच विचारू म्हणाला. मालक खाली आले. माझ्याच वयाचे, चष्मा, इस्त्रीचा शर्ट. फ्लॅट घेऊन वर्षही झालं नव्हतं. दगडावर शेंदूर दिसला, म्हणून मी गाडी फूटभर पुढेच लावतो, असं त्यांनी आपणहून सांगितलं. आत्याला माणूस तिथेच पसंत पडला, आणि पसंत पडलेल्या माणसाला ती विचारते तो प्रश्न तिने विचारला. मूळचे कुठले?

“शनिवार पेठेतले. आमचे आजोबा नालबंद होते. बैलांना, घोड्यांना नाल ठोकायचे.”

“लाल दाढी?”

ते दचकले. “मेंदी लावायचे. आपल्याला कसं माहीत?”

आत्याने सांगितलं. पेरणीच्या आधी पेठेतून एक नालबंद याच वाटेने चालत यायचा. गावाचे बैल शिवेवर न्यायचे, एकेक आडवा पाडायचा आणि दोर या दगडाला बांधायचा. दसऱ्याला त्याचा नारळ आणि सव्वा रुपया ठरलेला.

मी मध्येच म्हणालो की त्या काळी पुण्यात मेंदीच्या दाढीचे नालबंद एकापेक्षा जास्त असतील.

“पावती हवी का तुला?” आत्या म्हणाली.

गृहस्थ हसले. आजोबा कोथरूडहून ज्वारीच्या कणसांचं फडकं बांधून आणायचे, एवढं त्यांनी घरात ऐकलेलं होतं. त्यांनी खिशातून मोबाइल काढला. आज मी सोडीन, म्हणाले, पण पुढच्या वर्षी मी घरी नसलो तर? कायमची नोंदच करू. पण कायमच्या नोंदीसाठी ॲपमध्ये चारच प्रकार होते: कामवाली, ड्रायव्हर, पेपर, दूध.

“दूध लिवा,” आत्या म्हणाली. “खोटं न्हाई त्यात. परकरात हुते तवापासनं याच वाटेनं किटली घेऊन पेठेत गेलीय मी.”

फोटोसाठी तिने पदर नीट केला. ॲपने येण्याची वेळ विचारली, तिथे ‘वर्षातून एकदा’ असा पर्याय नव्हता. त्यांनी ‘रोज’वर बोट ठेवलं. मला ते खटकलं, पण गेट उघडलं होतं.

त्यांनी गाडी बाहेर काढली. शेंदूर लावला, पानं वाहिली. मी दक्षिणा काढून दिली, तर आत्याने ती दगडापुढे ठेवलीच नाही. एक नोट, नाणं आणि नारळ उचलून तिने त्यांच्यापुढे धरलं.

“अहो आजी, मला कशाला?”

“तुम्हाला न्हाई देत. आजोबाची पोस्त हाय.”

त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

मग आम्ही शीव ओलांडली, म्हणजे सोसायटीच्या मागच्या छोट्या गेटातून बाहेर पडलो. तेही वॉचमननेच उघडून दिलं.

नालबंदांच्या नातवाला नारळ आणि अकरा रुपये. वॉचमनला दसऱ्याची पोस्त नव्वद. दगडाला त्या वर्षी फक्त शेंदूर आणि पानं.