पूर्ण झाल्यावर उघडायची खोली

आमच्या शाळेतल्या संगणकांना आधी खोळी मिळाल्या, मग वीज मिळाली. विद्यार्थी सगळ्यात शेवटी. पुण्यातल्या एका कचेरीने काढून टाकलेली सहा यंत्रं होती ती. खोळी मुलींनी शिवणाच्या तासाला जुन्या हिरव्या पडद्यांच्या शिवल्या होत्या. मी शाळेत मुख्य लिपिक, त्यामुळे खोलीची किल्ली माझ्या टेबलाच्या खणात असे. मधल्या सुट्टीत मुलं खिडकीच्या गजांना नाक लावून आत बघत. आत हिरव्या खोळींशिवाय बघण्यासारखं काही नव्हतं, तरी बघत. मी कार्यालयातून त्यांच्या पाठी बघत बसे.

शाळा शिरूर कासारला. मी बीडहून एसटीने ये-जा करायचो. शिरूरकडे शाळेचं वर्ष जूनपासून मार्चपर्यंत नसतं. ते दिवाळीच्या आधीचं आणि दिवाळीनंतरचं असतं. दिवाळी झाली की ट्रक लागतात, माणसं ऊसतोडीला निघतात, आणि त्यांच्याबरोबर निम्मा वर्ग जातो. गेलेल्यांपैकी काही परत येतात, काही येत नाहीत. म्हणून नववीला जे काही दाखवायचं, शिकवायचं, ते दिवाळीच्या आत. त्या वर्षीची नववी मला पाचवीपासून माहीत होती. सगळ्यांचे दाखले मीच भरले होते.

खोली बंद राहण्याचं अर्धं कारण माझा स्वभाव होता. बीडमध्ये माझ्या मेहुण्याने, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाने, घराच्या पुढच्या खोलीत सायबर कॅफे काढला होता. यंत्रं आली तेव्हा तो घरी प्रोग्रॅमांची नक्कल केलेली एक सीडी घेऊन आला.

"दाजी, ही घ्या. समदं हाय हिच्यात. अख्खं बीड हेच वापरतंय."

"बिल?"

"सीडीचं बिल? मांजरसुंब्याच्या ढाब्यावर चहाचं बिल मागता का तुमी?"

"मागतो."

"मागतात," आतून बायको म्हणाली. "मी बरोबर होते. ढाबेवाला बिचारा कागद हुडकत बसला."

बिल नसलेली वस्तू शाळेच्या जडवस्तू नोंदवहीत चढवता येत नाही, हे मी त्याला समजावलं. मग त्यानेच दुसरी वाट दाखवली. जगभरची माणसं मिळून, फुकट, एक ब्राउजर बनवत होती. ब्राउजर म्हणजे इंटरनेटची पानं ज्यातून बघायची तो प्रोग्रॅम. याची आतली लिखावट कोणालाही बघायला, दुरुस्त करायला मोकळी होती, आणि ज्याला हवं त्याने तो आपल्या भाषेत आणावा अशी मुभा होती. मला हे फार आवडलं. चोरी नाही, उपकार नाही.

आमच्या शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंनी मराठीचं काम अंगावर घेतलं. त्याही बीडच्या. दर शनिवारी दुपारी कॅफेत येत, सगळ्यांना जय भीम घालत आणि मेनूवरच्या एकेका शब्दासमोर मराठी शब्द लिहीत बसत: मागे, पुढे, थांबा, पुन्हा आणा. शाळेच्या व्यवस्थापन समितीने ठराव केला. अध्यक्ष भुसार मालाचे व्यापारी, त्यांना सगळे आप्पा म्हणत. ते म्हणाले, "इंग्रजीतली पेटी देऊन पोरांला उगं कावून भ्या दाखवायचं? मराठीत येऊ द्या, मग खोली उघडू." सगळे बरं म्हणाले. ठरावाची भाषा नेहमीप्रमाणे मी लिहिली: 'मराठी ब्राउजर पूर्ण झाल्यावर संगणक कक्ष सुरू करण्यात येईल.' मोघम ठराव मला खपत नाही, म्हणून 'पूर्ण' हा शब्द मी घातला.

आणि तो काही पूर्ण होईना. ब्राउजर बनवणाऱ्या लोकांनी जुना पाया सगळा उखडून नव्याने बांधायला घेतला होता. नवी आवृत्ती आली की मेनू बदललेला असे आणि बाईंच्या निम्म्या ओळी वाया गेलेल्या असत. त्या पेन्सिलीने जुने शब्द खोडत आणि पुन्हा सुरू करत. आप्पा मला दर बैठकीत विचारत, "झालं का तुमचं?" मी म्हणे, चालू आहे. त्या कामात माझं काहीच नव्हतं. तरी सगळ्यांच्या तोंडी ते 'तुमचं' झालं होतं. मलाही ते नाकारता येईना.

पावसाळ्याच्या शेवटी त्या लोकांच्या सामाईक मेल-यादीवर वाद पेटला. मेहुणा सगळे मेल उतरवून घ्यायचा, फोनचं बिल वाढू नये म्हणून लाइन तोडायचा आणि मग आम्ही निवांत वाचायचो. एक बाजू म्हणत होती: वर्षं गेली, तोवर दुसऱ्यांचा ब्राउजर घराघरांत जाऊन बसला, आहे तसा बाहेर द्या, मेनूचे शब्द आता बदलणार नाहीत असं जाहीर करा, उरलेलं मागाहून. दुसरी म्हणत होती: कच्चा माल देऊन नाव घालवायचं असेल तर इतकं खपलो कशाला? तयार होईल तेव्हा येईल. भांडण जोरात होतं. एकाने दुसऱ्याला आळशी म्हटलं, दुसऱ्याने त्याला दुकानदार म्हटलं. आमचा मेहुणा 'दुकानदार' ही शिवी कशी झाली म्हणून दोन दिवस चिडून होता.

शेवटी यादीवर विचारणा झाली: ज्यांचं जे मत असेल ते त्यांनी कळवावं.

आमच्याकडे बैठकीत हात वर करायला लावत नाहीत. हात मोजले की हरलेला माणूस उघडा पडतो, आणि उघडा पडलेला माणूस पुढे मयतीलाही येत नाही. म्हणून प्रत्येकाच्या तोंडून 'बरं' निघेपर्यंत बोलत राहायचं. आम्हीही तसंच केलं. कॅफेत बसणारे सगळे जमले. दोन शनिवार चहात गेले. आहे तसा बाहेर द्यावा, याकडे बहुतेकांचा ओढा होता. अडले ते आमच्या शाळेतून निवृत्त झालेले भूगोलाचे सर. ते समितीचे सभासदही होते.

"अर्धं भाजलेलं मडकं बाजारात न्यायचं न्हाई," ते म्हणाले. "पाणी भरल्यावर कळतं. मग लोक कुंभारालाच शिव्या देतात."

"सर, तहान लागून माणूस मेल्यावर पक्कं मडकं काय करायचं? टांगायचं?" मेहुणा म्हणाला.

"तू गप बे. तुझी मडकी समदी चोरीची."

हसणं झालं. मी हसलो नाही, कारण मला सरांचं पटत होतं; सरांच्या ते लक्षात आलं. हिशेब जुळल्याशिवाय मी कधी कागद पुढे सरकवलेला नाही. जे लोक उशीर करून मला रोज आप्पांसमोर उभं करत होते, त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं. पण नववीचा वर्ग डोळ्यासमोर होता. मी बरं म्हणालो. नंतर खूप वेळाने, फक्त मोडता घालायचा नाही म्हणून, सरही म्हणाले, "बरं."

बाईंनी इंग्रजीत मेल लिहिला, मी वाचून पाहिला. सगळ्यांचा मिळून एकच ईमेल पत्ता होता, कॅफेचा. खाली सही केली: बीडची मंडळी.

पुढच्या शनिवारी यादीवर बेरीज आली. कोणीतरी मेल मोजले होते. आमचा मेल एक मत धरला होता. आहे तसा देण्याचा प्रस्ताव पडला होता, आणि ज्या फरकाने पडला होता तो कॅफेतल्या आमच्या डोक्यांपेक्षा कमी होता.

मेहुणा खुर्चीवरून उठलाच. "दाजी, आत्ता समद्यांची खाती काढतो. दर माणशी एक मेल. फुकट हाय, अर्ध्या तासाचं काम."

"नको."

"कावून नको?"

"कारण सगळे बरं म्हणाले, सगळ्यांचं मत तसं नव्हतं. सरांना एकट्याने लिहायला सांगितलं तर ते उलट लिहितील. मला सांगितलं तर..." मी थांबलो. "ती बेरीज खोटी होईल."

बाई कागद आवरत होत्या. त्या कधी आवाज चढवत नसत. तेव्हाही चढवला नाही. मला म्हणाल्या, "सर, दिवाळीनंतर मुलं नसतील. मग तुमची खरी बेरीज कोणाला दाखवायची?"

एसटीत, घरी, कार्यालयात ते वाक्य माझ्याबरोबर राहिलं. किल्ली माझ्याकडे होती. कुलूप माझ्या शब्दाचं होतं. आणि ज्यांच्या हातात ते उघडणं होतं ती माणसं समुद्रापलीकडे कुठे कुठे बसली होती, माझ्यासारख्याच स्वभावाची.

दिवाळीच्या तोंडावर समितीची बैठक झाली. बाई शिक्षकांच्या प्रतिनिधी होत्या, मी शिक्षकेतरांचा. मी विषय मांडला: ब्राउजर अपुरा आहे, मधेच बंद पडतो, निम्मा मेनू इंग्रजीत आहे; तरी खोली उघडावी.

भूगोलाचे सर शांतपणे म्हणाले, "ठराव एकमतानं झालाय. मोडायचा तर एकमतानं मोडावा. आन् 'पूर्ण' हा शब्द तुमचा हाय, माझा न्हाई."

"बोलत ऱ्हावा," आप्पा म्हणाले. "निघल कायतरी."

बोलत राहिलो. चहा आला, कप परत गेले, पुन्हा आला. सर बरं म्हणेनात, आणि त्यांच्याबरोबर आणखी काही जण. ऊसतोड मुकादमांचे ट्रक भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी लागणार, असं कोणीतरी सहज बोलून गेलं. तेव्हा मी म्हणालो, "आप्पा, हात वर करून घ्या."

आप्पा माझ्याकडे बघत राहिले. "हात वर कराया ही काय शाळा हाय का?"

"आप्पा, शाळाच आहे," बाई म्हणाल्या.

आप्पा एकटे हसले. मग हात वर झाले. मोजायची मला सवय; मी मोजले. दोन्ही बाजू सारख्या होत्या, आणि माझा हात अजून टेबलावर होता. सर माझ्याकडे बघत होते. मनातून मी त्यांच्या बाजूचा आहे, हे त्यांना ठाऊक होतं. मी खोली उघडण्याच्या बाजूने हात वर केला.

"बरं," सर म्हणाले. टोपी घेतली, चहा तसाच ठेवला आणि गेले.

दुसऱ्या दिवशी खोली उघडली. एका यंत्रावर तिघं-चौघं बसवली. 'मागे' आणि 'पुढे' मराठीत होतं, त्याखाली इंग्रजी. चित्रावर माउस नेऊन दाबलं की ब्राउजर कधी चाले, कधी आपोआप मिटून जाई. मिटला की वर्ग ओरडे. एका मुलीने मला हाक मारली.

"सर, हे आपोआप बंद कावून होतंय?"

"अजून पूर्ण झालेलं नाही ते."

"मग आमाला कावून दिलं?"

"तुम्ही जाणार ना, म्हणून."

तिने जरा विचार केला, आणि पुन्हा उघडलं. सुट्टी लागेपर्यंतचे दिवस ती मुलं रोज येत राहिली, ते मिटत राहिलं, ती उघडत राहिली. भाऊबीज झाली आणि ट्रक लागले.

पूर्ण ब्राउजर आला तो त्यानंतर खूप उशिरा, तो वर्ग शाळेतून बाहेर पडल्यावर. चांगला होता. बाईंचे सगळे शब्द जागच्या जागी होते. भूगोलाचे सर मधल्या काळात माझ्याशी बोलले नव्हते. माझ्या मुलीच्या लग्नात त्यांची खुर्ची रिकामी राहिली. एका दुपारी ते न सांगता शाळेत आले आणि म्हणाले, "दाखवा."

मी खोळ काढली. ते चष्मा लावून बसले आणि मेनूतली एकेक ओळ दाबून पाहिली, वरपासून खालपर्यंत. कुठेही मिटला नाही.

"आता झालं," ते म्हणाले.

"हो."

"त्या पोरांनी ह्ये बघितलं का?"

"नाही. त्यांनी ते अर्धंच बघितलं."

ते उठले, खोळ उचलून यंत्रावर नीट घातली, चारी कोपरे ओढून घेतले, आणि मी कुलूप लावेपर्यंत दाराशी थांबले.