सहा नळ्यांची गन आणि पाटोद्याचा दत्ता

राजस्थानातल्या एका हवाई तळावर माझं पोस्टिंग होतं. आर्मामेंट सेक्शन, काम हेल्परचं. शाळा चौथीपर्यंत, तीही धारूरला. पण विमानाच्या गनमध्ये गोळ्यांचा पट्टा माझ्याइतका सरळ भरणारा माणूस त्या तळावर दुसरा नव्हता. हे मी तेव्हाही सांगत होतो, आजही सांगतो. पटत नसेल त्यानं सोडून द्यावं.

सेक्शनला आर्मरर, म्हणजे गन सांभाळणारा, होता कॉर्पोरल दत्ता, पाटोद्याचा. दोघं बीडचे, म्हणून हुद्द्याचं अंतर तो फक्त साहेब समोर असताना पाळायचा. एरवी आमचं सगळं 'बे'वरच चालायचं.

फिरत्या गनला नळ्या सहा. एक नळी राऊंड, म्हणजे गोळी, सोडते, तोवर दुसरीत राऊंड भरला जातो, तिसरीतून रिकामी पुंगळी बाहेर पडते. इथपर्यंत सगळ्या देशांच्या गन सारख्या. फरक आहे तो नळ्या फिरवतं कोण, यात. अमेरिकन बनावटीची गन विमानाची वीज नाहीतर तेलाच्या दाबाचं हायड्रॉलिक फिरवतं. आमच्या रशियन विमानाची गन स्वतःच्या गॅसवर फिरायची. पहिला झटका दाबलेल्या हवेचा. पुढं सुटणाऱ्या राऊंडचाच गॅस पिस्टन ढकलायचा आणि नळ्या फिरायच्या.

मला हे चार्टवर समजेना. दत्ता म्हणाला, "तुज्या मळ्यात काय हाय बे? विजेची मोटार का इंजिन?"

"दोन्ही हायेत."

"मग झालं की. अमेरिकेची ती मोटार. वायर काढली की मेली. आपली हाय ती इंजिन. हँडल मारलं की मग आपल्याच दमावर."

"मग मोटार बरी की."

"कावून?"

"इंजिनाचं हँडल उलटं येतं. आमच्या चुलत्याचं मनगट गेलतं."

"मोटारीला येग घ्यायला येळ लागतो बे. आपली बटण दाबताच फुल. तेवढ्या येळात विमान कुठल्या कुठं जातं."

"तरीबी मोटारच बरी."

"लई हेकट हायेस तू."

हा वाद दोन वर्षं चालला. मेसमध्ये, ट्रकमध्ये, पट्टे भरताना. मी हटलो नाही. तोही हटला नाही.

त्या सकाळी आमचं एक विमान रेंजवर फायरिंगला गेलं. परत येताना पायलटचा रेडिओ आला, "गन जॅम. एक राऊंड आत अडकलाय." अशा वेळी उतरल्यावर विमानाचं नाक मातीच्या बांधाकडे करायचं आणि सगळ्यांनी लांब थांबायचं, असा नियम. तसंच केलं. पण त्या गनचा हादरा फार मोठा. त्या दिवशी हादऱ्यानं कॉकपिटचं झाकण वाकून बसलं. पायलटला आतून उघडेना. त्यात विमानाच्या पोटाखाली इंधन ठिबकू लागलं आणि गन अजून गरम होती.

फायरवाल्यांना जवळ जायचं होतं. वॉरंट ऑफिसर म्हणाले, "आधी गन सेफ. मग झाकण कापा."

गन सेफ करायला दोन माणसं लागतात. एकानं नळ्यांत लोखंडी बार अडकवून त्या धरून ठेवायच्या, दुसऱ्यानं पट्टा काढायचा. कारण वीज तोडली तरी आतला राऊंड तापून सुटू शकतो. सुटला की त्याच्या गॅसनं नळ्या फिरणार, भरलेला पट्टा आत ओढून चिरडणार आणि तो तिथंच फुटणार. आमच्या सेक्शनचा रिवाज असा की बार धरणारा शेवटी निघतो. पट्टेवाला पोटाखालून बाहेर पडेपर्यंत त्यानं हात सोडायचा नाही.

बार दत्तानं घेतला. मी पट्टा तोडला, खांद्यावर घेतला.

"निगाला का सगळा?"

"निगाला."

"मग पळ बे. मागं बगू नको."

मी पळालो. पंखाच्या टोकाबाहेर गेलो आणि राऊंड सुटला. गोळा बांधात गेला. पट्टा माझ्या खांद्यावर होता, त्यामुळं आत ओढायला काही उरलं नव्हतं. नळ्या रिकाम्याच फिरल्या. बार उलटा आला तो दत्ताच्या छातीवर.

फायरवाल्यांनी झाकण कापलं. पायलट चालत बाहेर आला. दत्ताला ॲम्ब्युलन्समध्ये घातलं तेव्हा तो गेला होता.

ती विमानं आता मोडीत निघाली. धारूरच्या चढाला एखादं जुनं इंजिन फटफटलं की मी थांबतो, बंद होईस्तोवर ऐकतो. घरचे हाका मारतात. मारू देत.

दत्ता गेल्यावर पहिल्याच रजेत मी पाटोद्याला गेलो. त्याच्या बायकोनं, सुमनवैनींनी, चहा केला आणि समोर बसल्या.

"शेवटी काय बोलले?"

"मला पळ म्हणाला."

"तुमाला म्हणले. मग सोता कावून न्हाई पळाले?"

मी त्यांना सगळं सांगितलं. मोटारीची गन कशी, इंजिनाची कशी, बार कशासाठी धरायचा. आमचा दोन वर्षांचा वादही सांगितला.

"मोटारीची असती तर?"

"वायर काढली असती. नळ्या फिरल्याच नसत्या. दोघंबी चालत आलो असतो."

वैनींनी चहाचा कप बाजूला सरकवला. मग म्हणाल्या, "म्हंजी तुमचंच खरं होतं, भाऊजी."

दोन वर्षं मला हेच ऐकायचं होतं, पण दत्ताच्या तोंडून.

"न्हाई वैनी," मी म्हटलं. "गन दत्ताचीच चांगली होती."