हातभार लावणाऱ्यांची यादी

मी शाळेत शिकवतो. ज्या मोफत सॉफ्टवेअरवर वर्षानुवर्षं प्रश्नपत्रिका तयार केल्या, त्याला आता तरी काही मदत करावी म्हणून त्याचं इंटरनेटवरचं पान उघडलं. तिथे ते घडवायला जगभरातून विनामोबदला हातभार लावणाऱ्यांची लांबलचक यादी होती आणि तिच्यात माझं नाव होतं. मी तर त्यासाठी कधी इकडची काडी तिकडे केली नव्हती.

नावावर क्लिक केलं, तर माझीच जुनी तक्रार समोर आली. छापताना तक्ते मोडत होते, तेव्हा मी लिहिलं होतं, "फुकट देता म्हणून काहीही द्यायचं का?" खाली कुणा अनोळखी माणसाचं उत्तर होतं, "त्रास झाला, माफ करा. ती फाइल पाठवाल का?"

फाइल मी पाठवली होती. आभार मानले नव्हते. त्याने दोष दुरुस्त केला, दुसऱ्या कुणी ती दुरुस्ती तपासली, आणि दोष दाखवणाराही हातभारच लावतो या त्यांच्या रिवाजाने माझं नाव नोंदवलं.

"भांडलात आणि मानकरी झालात!" बायको हसली.

मला हसता येईना. एकमेकांना कधी न भेटलेल्या या माणसांनी माझ्या रागातून कामाचं तेवढं उचललं होतं आणि बाकीचं मनातही ठेवलं नव्हतं. एवढं मोठं मन एखाद्या कामाचा रिवाज होऊ शकतं?

तक्रारींच्या पानावर आज एक नवी ओळ होती. "मराठीतल्या सूचना वाचून डोकं फिरलं. कुणी लिहिल्यात या?"

सूचना सोप्या करणं मला जमण्यासारखं होतं. मी खुर्ची पुढे ओढली आणि लिहिलं, "त्रास झाला, माफ करा. कुठे अडलात, सांगाल का?"